पाच जणांचं एकच उत्तर: भाट्याच्या वाळूवरची एक संध्याकाळ

फेब्रुवारीतला रविवार. सकाळी साडेनऊ ते साडेबारा ‘जॅम’ या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा गणिताचा पेपर झाला. त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास माझे पाच विद्यार्थी रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत सुरूच्या काटकीने त्रिकोण काढत बसले होते. मी तिथे नव्हते. पण पावणेसातला मला त्यांचा फोन आला, आणि त्या फोनवर मी जे बोलले त्याचा या प्रकरणात मोठा वाटा आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी या किनारपट्टीवरच्या एका कॉलेजात एकवीस वर्षं बीएस्सीला गणित शिकवते. पेपर सुटल्यावर मुलं उत्तरं ताडून बघतात हे दरवर्षीचंच आहे. मीही केलं आहे, तुम्हीही केलं असेल. त्याकडे मी कधी गांभीर्याने पाहिलं नव्हतं. या वेळी पाहावं लागलं, कारण त्या एका संध्याकाळच्या जोरावर एक मुलगी गणित सोडायला निघाली होती.

मुलांची नावं देत नाही. गावावरून ओळख ठेवते: मिऱ्याची, लांज्याची, पावसचा, मालवणचा आणि देवरूखचा. गावंही बदललेली आहेत. हा मजकूर पाचही जणांना वाचून दाखवला आहे. खाली आलेले प्रश्न पेपरात होते तसे नाहीत; त्याच जातीचे, पण मी बदलून घेतलेले आहेत.

परीक्षा आणि प्रवास

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम द्यावी लागते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, सगळं संगणकावर. पहिल्या भागात ३० प्रश्न, एकच पर्याय बरोबर. चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा. दुसऱ्या भागात १० प्रश्न, त्यांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. ते सगळेच्या सगळे निवडले आणि चुकीचा एकही निवडला नाही, तरच २ गुण, नाहीतर शून्य. तिसऱ्या भागातल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात. उत्तराचा आकडा काढून भरायचा. कच्चं काम केलेले कागद तिथेच जमा करायचे. म्हणजे बाहेर येताना मुलांच्या हातात काही नसतं, असतं ते फक्त डोक्यात.

केंद्र घाटापलीकडच्या शहरात आलं होतं. शनिवारीच एसटीने जाऊन पाचही जण लांज्याच्या मुलीच्या मामाकडे उतरले. कोकणातून परीक्षेसाठी घाट चढणं तसं जुनंच. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडहून चार दिवस चालत साताऱ्याला परीक्षेला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही, ही गोष्ट मी दर बॅचला सांगते. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचेच प्राध्यापक झाले. त्याच दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. हे सांगताना माझा आवाज दरवर्षी थोडा चढतो हे मला माहीत आहे. मिऱ्याची मुलगी पहिल्या बाकावर बसून ऐकायची. तिच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेली ती पहिली. वडिलांची पिठाची गिरण आहे.

परतीच्या एसटीत पेपरबद्दल कोणी बोलायचं नाही असं मुलांनी आपापसात ठरवलं होतं. ही सूचना लांज्याच्या मुलीची, आणि तिने ती बसमध्ये चढतानाच मांडली. आंबा घाट उतरेपर्यंत सगळ्यांनी ती पाळली. साखरप्याला गाडी चहाला थांबली तेव्हा देवरूखचा मुलगा कपात बघत म्हणाला, “तो एक्स बाय वन प्लस एन एक्स स्क्वेअरवाला सोपा होता ना?”

हे वाक्य मला चौघांनी वेगवेगळं सांगितलं आणि चौघांच्याही सांगण्यात ‘सोपा होता ना’ हे शब्द तेच होते. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो स्वतःच घाबरला होता आणि कोणीतरी ‘हो’ म्हणावं एवढंच त्याला हवं होतं. पण समोरच्याला ज्या प्रश्नाने दहा मिनिटं छळलं, तो दुसऱ्याला सोपा वाटला हे कळलं की मन आधीच खाली बसतं. मिऱ्याची मुलगी म्हणाली, “हो, बरा होता.” ती तेवढंच बोलली. त्या प्रश्नाला तिने अकरा मिनिटं दिली होती.

वही

पावसच्या मुलाची गाडी भाट्यावरूनच जाते, म्हणून सगळे त्याला सोडायला म्हणून तिथे उतरले. लांज्याच्या मुलीकडे दोनशे पानी वही होती. तिने पाच रकाने आखले, प्रत्येकाला एक, आणि शेवटी सहावा: ‘फायनल’. तिघांचं किंवा जास्त जणांचं जे उत्तर जुळेल ते ‘फायनल’मध्ये लिहायचं आणि ज्याचं जुळेल त्याला बरोबरची खूण करायची. ६० पैकी ३१ प्रश्न त्यांना आठवले.

ती वही मी नंतर नीट पाहिली. बोलण्याचा क्रम प्रत्येक प्रश्नाला तोच: आधी देवरूख, मग पावस, मालवण, लांजा, शेवटी मिऱ्या. हा क्रम कोणी ठरवला नव्हता. ज्याला घाई तो आधी बोलला आणि जिला घाई नव्हती ती शेवटी राहिली. पण तिची पाळी येईपर्यंत चार उत्तरं कागदावर असायची आणि बहुतेक वेळा ‘फायनल’ ठरलेलं असायचं. तिच्या रकान्यात सात ठिकाणी आधी लिहिलेलं खोडून दुसरं लिहिलं आहे. आणखी काही ठिकाणी, तिने मला नंतर सांगितलं, ती नुसतंच “माझंही तेच” म्हणाली. उत्तर वेगळं होतं, पण सांगायचा धीर झाला नाही.

सगळंच वाईट घडलं असं मात्र नाही. एक दुहेरी इंटिग्रल होतं: ई चा घात क्ष², आधी क्ष हा य पासून १ पर्यंत, मग य ० ते १. या फंक्शनचं क्ष च्या दिशेने सरळ इंटिग्रेशन आपल्या नेहमीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही. क्रम उलटावा लागतो. पावसच्या मुलाने वाळूत त्रिकोण काढला, त्यात उभी रेघ मारली आणि दाखवलं की क्ष धरून ठेवला तर य ० पासून क्ष पर्यंत जातो, म्हणजे आत एक क्ष गुणायला मिळतो आणि पुढचं आपोआप सुटतं. उत्तर (ई − १) भागिले २, म्हणजे ०.८६. मालवणच्या मुलाने १.७२ भरलं होतं. वाळूवरची पायरी बघताच त्याने कपाळावर हात मारला. क्ष² ला नवीन चल धरताना येणारा अर्धा तो विसरला होता. त्याचे गुण गेले ते गेलेच, पण तो अर्धा आता तो जन्मात विसरणार नाही. इथे चौघं बरोबर होते आणि कसं बरोबर ते समोर दिसत होतं.

दुसऱ्या एका प्रश्नावर पंधरा मिनिटं भांडण झालं. झेड-१२ कडून झेड-१८ कडे जाणारी होमोमॉर्फिझम किती, की झेड-१८ कडून झेड-१२ कडे? (झेड-१२ म्हणजे घड्याळासारखी बाराला पुन्हा शून्यावर येणारी बेरीज, झेड-१८ तशीच अठराची; होमोमॉर्फिझम म्हणजे बेरीज जपणारी जोडणी.) पावस आणि लांजा एकीकडे, देवरूख दुसरीकडे. प्रश्न नेमका काय होता यावरच वाद. शेवटी मालवणचा म्हणाला, “रे, उत्तर तांच येता मगे, भांडतास कित्याक?” खरंच आहे. दोन्हीकडे संख्या १२ आणि १८ च्या मसाविएवढी, म्हणजे ६. मी हे ऐकून खूप आनंदले, कारण त्या पंधरा मिनिटांत हे फक्त त्याच्याच लक्षात आलं होतं. पण प्रश्न आठवण्यातच माणसं किती सहज चुकतात, हेही इथेच दिसलं. बाकीच्या ३० प्रश्नांत कोणी प्रश्नच चुकीचा आठवून उत्तर ताडलं असेल तर ते कळायला काही मार्ग नव्हता.

इथे मला बारावीची एक मुलगी आठवते, बरीच वर्षं झाली. बोर्डाचा पेपर सुटल्यावर ती जिन्यात बसून रडत होती. साइन क्ष गुणिले कॉस क्ष याचं इंटिग्रेशन तिने साइन-वर्ग क्ष भागिले २ असं काढलं होतं आणि तिच्या तीन मैत्रिणींचं वजा कॉस दोन-क्ष भागिले ४ आलं होतं. दोन्ही बरोबर. दोहोंत फरक फक्त पाव, आणि तो शेवटच्या कॉन्स्टंटमध्ये मुरून जातो. पेपर तपासणाऱ्याला हे माहीत असतं. जिन्यात बसलेल्या मुलीला ते सांगणारं कोणी नव्हतं. मी पोहोचले तोवर तिने पुढच्या पेपरच्या अभ्यासाचा अर्धा दिवस रडण्यात घालवला होता.

शून्यावर काय होतं

आता साखरप्याचा प्रश्न. फंक्शन्सचा क्रम असा: क्ष भागिले (१ + न·क्ष²), न = १, २, ३… तीन विधानं होती. पहिलं: हा क्रम सगळ्या वास्तव संख्यांवर शून्याकडे युनिफॉर्मली, म्हणजे सगळीकडे एकदमच, जातो. दुसरं: यांचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचे दर, प्रत्येक बिंदूवर कुठल्या तरी संख्येकडे जातात. तिसरं: डेरिव्हेटिव्हची लिमिट आणि लिमिटचं डेरिव्हेटिव्ह सगळीकडे एकच आहे.

पहिलं खरं. न ठरवला की या फंक्शनची सर्वांत मोठी किंमत १ भागिले २√न असते आणि ती शून्याकडे जाते. दुसरंही खरं. तिसरं खोटं, आणि ते फक्त एका बिंदूमुळे खोटं. क्ष = ० ला प्रत्येक फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह १ आहे, न कितीही वाढवा. लिमिट फंक्शन शून्य, त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. एकीकडे १, दुसरीकडे ०.

चौघांनी तिन्ही विधानं निवडली होती. देवरूखच्या मुलाचं म्हणणं होतं, “युनिफॉर्म आहे ना? मग लिमिट आत नेता येते.” इंटिग्रेशनसाठी, बंदिस्त अंतरालावर, हे खरं आहे. डेरिव्हेटिव्हसाठी नाही, तिथे डेरिव्हेटिव्ह स्वतः युनिफॉर्मली कन्व्हर्ज व्हावी लागतात. ही चूक हुशार मुलांची असते. ज्याला प्रमेय माहीतच नाही तो ती करत नाही.

मिऱ्याच्या मुलीने पहिली दोनच निवडली होती. अकरा मिनिटं लागली ती याच साठी: तिने सूत्र लिहून क्ष च्या जागी शून्य घालून पाहिलं होतं. वहीत तिच्या रकान्यात आधी ‘१, २’ लिहिलं आहे, ते खोडून पुढे ‘१, २, ३’. ‘फायनल’मध्ये ‘१, २, ३’. म्हणजे तिने केलेलं बरोबर काम तिच्याच हाताने खोडलं गेलं. ती मनात धरून चालली की २ गुण गेले.

फोन

शेवटचा प्रश्न एका सिरीजचा, म्हणजे न संपणाऱ्या बेरजेचा होता. पदं अशी: अंश आळीपाळीने +१ आणि −१. छेदात √न, आणि त्यात न सम असेल तर १ मिळवायचा, विषम असेल तर १ वजा करायचा. न = २ पासून सुरुवात. कन्व्हर्ज होते, म्हणजे बेरीज एका ठराविक संख्येकडे जाते, की डायव्हर्ज, म्हणजे जात नाही?

पाचही जणांनी ‘कन्व्हर्ज’ भरलं होतं. वहीत या ओळीपुढे लांज्याच्या मुलीने एक छोटं फूल काढलं आहे. संपूर्ण संध्याकाळीत पाचांचं एकमत झालेले थोडेच प्रश्न होते, त्यांतला हा. तरी पावसचा म्हणाला की मॅडमना विचारू या, आणि फोन स्पीकरवर लावला.

मी स्वयंपाकघरात होते. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. समुद्राचा आवाज येत होता, त्यामुळे प्रश्न दोनदा ऐकला. आणि म्हटलं, “चिन्हं आळीपाळीने, पद शून्याकडे जातंय. लायबनिझ लावा. कन्व्हर्जंट.” पलीकडे सगळे ओरडले. त्या ओरडण्यात मिऱ्याच्या मुलीचाही आवाज होता हे मला अजून आठवतं.

रात्री अकराला जेवणं, भांडी, सगळं उरकल्यावर मी कागद घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही. पदाचा छेद डोक्यातून जात नव्हता. पहिली काही पदं काढली: ०.४१४, मग १.३६६, मग ०.३३३, मग ०.८०९. लायबनिझ कसोटीची अट आहे की पदं, चिन्ह सोडून, उतरत गेली पाहिजेत. इथे ती खाली, वर, खाली, वर जात होती. दोन-दोनची जोडी करून बेरीज घेतली: −०.९५२, −०.४७६, −०.३१८. दुसरी पहिलीच्या जवळजवळ अर्धी, तिसरी जवळजवळ एक तृतीयांश. हार्मोनिक सिरीज (१ + १/२ + १/३ + …, जिची बेरीज वाढतच जाते) डोळ्यांसमोर उभी राहिली. मग रीतसर छेदाचं चिन्ह बदलून गुणलं. पदाचे दोन तुकडे झाले: एक √न भागिले (न − १), आळीपाळीच्या चिन्हांचं, ते कन्व्हर्ज होतं, दुसरं वजा १ भागिले (न − १), ते होत नाही. सिरीज डायव्हर्ज होते. पाच मुलं आणि त्यांची शिक्षिका, सगळी चुकली होती.

साडेअकराला मी ग्रुपवर लिहिलं: “शेवटची सिरीज पुन्हा पाहा. माझं चुकलं. डायव्हर्ज होते.” सोबत कागदाचा फोटो. चौघांनी रात्रीच पाहिला. मिऱ्याच्या मुलीने पाहिला नाही. तिने फोन बंद करून ठेवला होता.

गिरण

सोमवारी ती कॉलेजला आली नाही, मंगळवारीही नाही. लांज्याच्या मुलीने सांगितलं की ती आता एमएस्सीचा विचार करणार नाही, बीएड करणार म्हणते. बीएडबद्दल माझं काही वाकडं नाही. पण तिने ते हौसेने ठरवलं नव्हतं. रविवारी रात्री तिने आपली खरी उत्तरं वहीतल्या ‘फायनल’शी जुळवली होती. ३१ पैकी १३ जुळत होती.

मंगळवारी संध्याकाळी मी गिरणीवर गेले. ती तांदळाचे डबे वजन करून ठेवत होती. वडील म्हणाले, “मॅडम, ती म्हणते जमलं नाही. मला त्यातलं काय कळणार? तुम्ही सांगा.” त्यांच्या बोलण्यात नाराजी नव्हती. होती ती काळजी.

“तू पास होशील, काळजी करू नको” असं मी म्हटलं नाही. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “तो क्ष भागिले एक अधिक न क्ष-वर्गवाला मला करून दाखव.” गल्ल्याजवळ पावतीपुस्तक होतं, त्याच्या मागच्या बाजूला तिने केलं. डेरिव्हेटिव्ह काढलं, शून्य घातला, १ आला. तिथे थांबली.

“मग तिसरं विधान?”

“खोटं, मॅडम. पण सगळे म्हणाले…”

“सगळ्यांनी शून्य घालून पाहिला होता का?”

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “मला नाही माहीत. कोणी करून दाखवलं नाही. नुसतं उत्तर सांगितलं.”

मग मी तिला माझा सिरीजचा कागद दाखवला आणि फोनवर मी काय बोलले होते त्याची आठवण दिली. ती बराच वेळ जोड्यांच्या बेरजा बघत होती. “म्हणजे आम्ही पाचही जण…” एवढं म्हणून थांबली. तेवढ्यात वडिलांनी पट्टा सुरू केला आणि पुढचं आम्हाला एकमेकींचं ऐकू आलं नाही.

आकडे

उत्तरतालिका आणि प्रत्येकाने खरोखर क्लिक केलेली उत्तरं काही दिवसांनी संकेतस्थळावर आली. आम्ही ते ३१ प्रश्न घेऊन बसलो. मिऱ्याच्या मुलीची १७ बरोबर होती. ‘फायनल’ रकान्याचीही १७च. देवरूखच्या मुलाची ‘फायनल’शी २७ जुळत होती, त्यामुळे तो दोन आठवडे हवेत होता, प्रत्यक्षात १६ बरोबर निघाली. त्याला बसलेला धक्का मिऱ्याच्या मुलीच्या रविवारच्या रात्रीपेक्षा लहान नव्हता, फक्त उशिरा आला. मी त्याच्याकडे तेव्हा पुरेसं लक्ष दिलं नाही, हे इथे नोंदवते.

(प्रश्नांची संख्या म्हणजे गुण नव्हेत. कुठे १, कुठे २, कुठे वजा. पण वही संख्येवरच चालली होती.)

फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ साली बहुमताचा हिशोब मांडला. पाच जण आहेत, प्रत्येक जण स्वतंत्रपणे विचार करतो आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबर असण्याची शक्यता ०.६ आहे असं धरा. किमान तिघं बरोबर असण्याची शक्यता ०.६८ येते, एकट्यापेक्षा गट बरा. आता प्रश्न अवघड करा, शक्यता ०.४ धरा. तोच हिशोब ०.३२ देतो, एकट्यापेक्षा गट वाईट. म्हणजे सोप्या प्रश्नांत बहुमत मदत करतं आणि अवघड प्रश्नांत ते आणखी चुकवतं. आणि पेपरनंतर मुलं तासभर घासतात ते अवघड प्रश्नच. सोपे कोणी ताडून बघत नाही.

पण मला जास्त बोचला तो ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द. ही पाच मुलं सिरीजच्या प्रश्नाला स्वतंत्र नव्हती. पाचही जणांनी लायबनिझ कसोटी माझ्याकडून शिकली. मी माझ्या नोट्स उघडून मोजलं: त्या कसोटीची अकरा उदाहरणं आहेत आणि अकराही ठिकाणी पदं आज्ञाधारकपणे उतरत जातात. ‘पदं उतरती आहेत का ते बघा’ हे वाक्य मी फळ्यावर दरवर्षी लिहिते आणि ते बघायची गरजच पडू नये अशी उदाहरणं दरवर्षी देते. वाळूवर पाच माणसं एकमेकांना दुजोरा देत होती असं वाटत होतं. प्रत्यक्षात तिथे माझं एकच अर्धवट शिकवणं पाच तोंडांनी बोलत होतं, आणि सहाव्यांदा फोनवरून मी स्वतः.

वर्गात एकमेकांचे मित्र असणं, एकाच शिक्षकाकडे शिकणं, एकाच नोट्स वाचणं यांत गैर काही नाही. लहान गावात दुसरं काय असणार? पण अशा पाच जणांचं उत्तर जुळलं म्हणून ते बरोबर मानणं म्हणजे एकाच वर्तमानपत्राच्या पाच प्रती घेऊन बातमी खरी असल्याची खात्री करण्यासारखं आहे.

नंतर

मिऱ्याच्या मुलीने एमएस्सीच्या प्रवेशाचा फॉर्म भरला. आयआयटीसाठी तिचा रँक पुरला नाही. ती सध्या विद्यापीठात एमएस्सी करते आहे आणि तिला ॲनालिसिस, म्हणजे लिमिट-सिरीजचं गणित, आवडतं. देवरूखचा मुलगा पुन्हा जॅम देतो आहे. लांज्याच्या मुलीने ती वही मला दिली. तिचं म्हणणं, घरी ठेवली तर ती पुन्हा पुन्हा उघडत राहील.

नोट्समध्ये लायबनिझच्या पानावर आता बारावं उदाहरण आहे, भाट्याची सिरीज. मुलांना आधी मी तीच देते, सोपी अकरा नंतर.

उत्तरं ताडू नका असं मी नव्या बॅचला सांगत नाही. सांगून ती थांबणार नाहीत, आणि त्या त्रिकोणासारख्या गोष्टी तिथेच तर शिकल्या जातात. एवढंच सांगते की आधी प्रत्येकाने एकट्याने, दुसऱ्याचं न ऐकता, प्रश्न कसा आठवतो ते आणि आपलं उत्तर लिहून काढायचं. ‘फायनल’चा रकाना आखायचा नाही, त्याऐवजी ‘का’ असा रकाना आखायचा. दुसरा पेपर बाकी असेल तर वही त्यानंतरच उघडायची. आणि जो सर्वांत कमी बोलतो त्याने आधी बोलायचं. हे शेवटचं सर्वांत अवघड जातं. गेल्या वर्षी एका मुलीने ‘का’च्या रकान्यात चार ठिकाणी ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचून मला किती बरं वाटलं!

यंदा पेपरच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी मांडवीच्या जेटीवरून, तसाच वारा, तसाच स्पीकर. “मॅडम, एक सिरीज आहे, पटकन सांगा ना.”

“थांब,” मी म्हटलं. “कुकर बंद करते आणि कागद घेते. तोवर तू काय केलंस ते सांग. उत्तर नको, काय केलंस ते.”